दोन ट्रंपेट, एक खुर्ची

ट्रंपेट वाजवणाऱ्याला मधूनमधून वाद्य खाली वाकवून एक चावी दाबावी लागते. फुंकून फुंकून नळीत पाणी साचतं. ते काढलं नाही तर गुळण्या केल्यासारखा सूर येतो. लोक त्याला थुंकी म्हणतात. आमच्या मामंजींसमोर कुणी थुंकी म्हटलं की ते चिडायचे. "थुंकी नाही, वाफेचं पाणी आहे ते!" पण फरशी पुसायचं फडकं माझ्या हातात असायचं, तेव्हा त्याला काय म्हणायचं ते मी ठरवलं होतं.

किस्स्यांचंही तसंच. ते गोळा करायला कुणी जात नाही. माणसं फुंकत राहतात आणि आत साचत जातं. आता मी थकले. चार पायऱ्या चढले की बसावं लागतं. तरी नातसुना विचारतातच, "आजी, आपल्या नगरात खरंच जॅझ होतं?" होतं, बायांनो. माझ्या डोक्यावर बसलेलं होतं! एकदाच वाकवून सगळं रिकामं करते. परत परत विचारू नका.

लढाईची वर्षं होती. नगरच्या छावणीत गोऱ्या सोल्जरांची गर्दी. ऑफिसरांच्या क्लबात दर शनिवारी संध्याकाळी नाच असायचा, आणि नाचाला बँड. त्या बँडात दोन ट्रंपेट. पहिल्या खुर्चीवर माझे सासरे शमुवेल, दुसऱ्या खुर्चीवर माझा नवरा याकोब. त्या काळी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. मी घ्यायची. आकाश पडलं नाही.

पहिली खुर्ची म्हणजे काय, ते आधीच सांगते. मुख्य सूर पहिल्या खुर्चीचा. दुसऱ्यानं खालून साथ द्यायची आणि गप्प बसायचं. बाप उतरला की लेकानं तिथं बसायचं, असा सरळ हिशोब. पण बाप उतरायला तयार नाही आणि बाप बसलाय तोवर लेक चढायला तयार नाही! माझा निम्मा संसार या खुर्चीनं खाल्ला. आणि खुर्ची कसली, तर वेताची, मागचा एक पाय डुगडुगणारा!

*

मी तिसगावची. आमच्या गावचा बाजार मोठा आणि पाऊस छोटा. बाजरीची भाकरी आणि ठेचा, यावर आमची हाडं वाढली. लग्न होऊन आले ती भिंगारच्या बाजूला, क्लबनं बँडवाल्यांना दिलेल्या दोन खोल्यांत.

पहिल्या दिवशी सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, मला ताट वाढलं. फिकं वरण, उकडलेला बटाटा, दुधात कुस्करलेली भाकरी. मिरचीचा पत्ता नाही. मी एक घास घेतला, दुसरा घेतला, आणि हळूच विचारलं, "आत्याबाई, घरात कुनी आजारी हाय का?"

"हायेत की. दोघं हायेत. बाप नि लेक."

"अगं बया! काय झालंय?"

आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. "ट्रंपेट झालाय!"

मग हळूहळू उलगडलं. तिखटानं ओठ हुळहुळतो, हुळहुळला की माउथपीस नीट बसत नाही आणि सूर फाटतो. म्हणून या घरात मिरची बंद. कढत चहा बंद. ऊस दातांनी सोलायचा नाही, ओठ चिरतो. थंडीत ओठांना लोणी लावायचं आणि लावल्यावर भांडायचं नाही, कारण बोलून बोलून लोणी निघून जातं! नाताळात माझा भाऊ कौतुकानं उसाची मोळी खांद्यावर घेऊन आला. मामंजींनी ती अशी पाहिली, जसा काही तो तलवारी घेऊन घरात शिरलाय. मोळी शेजारच्या सत्तारभाईंच्या घोड्यानं खाल्ली.

मी परसात सरपणामागं मिरच्या लपवून ठेवायला लागले. एकदा मामंजींनी मला मीठ लावून मिरची खाताना धरलं.

"सुनबाई, या घराचा नियम काय आहे?"

म्हटलं, "नियम वाजवनाऱ्याला. माझा ओठ माझ्या बापानं दिलाय, क्लबानं न्हाई!"

मामंजी काही बोलले नाहीत. त्यांनी नुकतंच लोणी लावलं होतं.

*

सत्तारभाईंच्या त्या घोड्याचं नाव सुलतान. तो आधी रिसाल्यात होता. पलटणीत रणगाडे आले, घोडे लिलावात निघाले आणि हा बहाद्दर टांग्याला जुंपला गेला. आमचे मामंजीही त्याच रिसाल्यात बिगूल शिकले होते. पुढं तोच बिगूल सोडून ट्रंपेट घेतला, कवायत सोडून नाचाला लागले. पण रोज सकाळी ओठ मोकळे करायला ते जुने लष्करी बिगूलच वाजवायचे. उठायचा बिगूल, खोगीर चढवायचा बिगूल, दाण्याचा बिगूल.

एका सकाळी सत्तारभाई एका वकीलसाहेबांना स्टेशनवर सोडायला निघाले होते. वकील कोट-टोपीत, मांडीवर बॅग. इकडं मामंजींनी दाण्याचा बिगूल काढला. सुलताननं कान टवकारले. भर रस्त्यात टांगा वळवला, तडक आमच्या दारात आला आणि मान माझ्या चुलीपर्यंत आत घातली! मी हातात पीठ घेऊन बसलेली. मागून वकील ओरडतायत, "अरे, गाडी चुकेल! स्टेशन कुठं, हे कुठं!"

सत्तारभाई लगाम ओढून लाल झाले. "शमुवेलभाई, वाजवा, खुशाल वाजवा! पन दान्याचं वाजवलं तर दाना द्यावा बी लागंल! ह्यो घोडा हाय, क्लबाचा मेंबर न्हाई, नुसत्या म्युझिकवर त्याचं पोट भरत न्हाई!"

मामंजी आले. त्यांनी माझ्या परातीतली भाकरी उचलून सुलतानच्या तोंडात दिली आणि त्याच्या कपाळावरून हात फिरवत राहिले. वकीलसाहेब उतरून चालत गेले.

"क्लबातला एकही साहेब," मामंजी म्हणाले, "माझं इतकं मन लावून ऐकत नाही!"

*

मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. शाळेनं माझं पाहिलं नाही, हे तिचं नुकसान. आमच्या घरात छापील कागद एकच, तो म्हणजे सुरांचा. पाच आडव्या रेघा आणि त्यांवर काळे ठिपके. हे बापलेक रोज तेच तेच वाजवायचे आणि मी त्या कागदाकडं बघत भाकऱ्या थापायची. कुठला ठिपका कुठल्या सुराचा, हे मला क ख ग घ च्या आधी कळलं. कुणी शिकवलं नाही. उलट बघते म्हणून रागवायचे, पिठाचे डाग पडतात म्हणून.

पुढं चर्चमधलं भजनाचं पुस्तक हाती आलं. त्यात ठिपक्यांखाली मराठी अक्षरं. सूर ठाऊक, शब्द पाठ. अक्षरांना पळायला वाट राहिली नाही. धरली एकेकाला!

घोटाळा एकच झाला. मला वाचता यायचं ते फक्त गाऊन! सुराशिवाय अक्षराला अक्षर जोडलंच जायचं नाही. कापडबाजारातून निघालो की मी दुकानांच्या पाट्या वाचत चालायची आणि याकोब रस्त्याच्या पलीकडून चालायचे. "येथे सायकली भाड्याने मिळतील" ही पाटी मी ख्रिस्तजन्माच्या गीताच्या चालीवर वाचली. दुकानदार उठून उभा राहिला आणि त्यानं हात जोडले!

मंडळीत नवे पाळक आले. मी पुस्तक हातात धरून गाताना पाहून त्यांना फार बरं वाटलं. "वा, बाई! कुठं शिकलात?"

"चुलीपुढं."

"किती शिकलात?"

म्हटलं, "दोन ट्रंपेट!"

*

आमचे बँडमास्तर डिमेलो, गोव्याचे. पोट मोठं, आवाज बारीक, आणि पियानोवर बसले की डोक्यावरची हॅट काढून शेजारी ठेवायची सवय. एका सोल्जरची बदली झाली, तो जाताना जॅझच्या तबकड्यांचं खोकं डिमेलो मास्तरांकडं टाकून गेला. झालं! याकोब रोज दुपारी तिथं जाऊन बसायला लागले.

त्या तबकड्यांतला ट्रंपेट वेगळाच. मामंजींचा सूर म्हणजे छाती काढून, सरळ, उंच आणि स्वच्छ. हा सूर मागून घसरत यायचा, खालच्या पट्टीत. निम्मं बोलायचा, निम्मं गिळायचा. आणि वाजवणारा, मास्तर सांगायचे, वाद्याच्या तोंडावर फेल्टची हॅट धरायचा, म्हणजे आवाज घोगरा आणि मऊ होतो. आता आमच्या घरात फेल्टची हॅट एकच होती. मामंजींची, रविवारची!

रविवारी सकाळी मामंजींनी चर्चला निघताना हॅट डोक्यावर ठेवली, लगेच काढली आणि आत हात घालून पाहिलं. "माझ्या हॅटमध्ये कोण रडलं?"

याकोब म्हणाले, "बाबा, आता सगळीकडं असंच वाजवतात."

"हा सूर आहे की दमेकऱ्याची दुपार?"

"लोक नाचतात यावर, बाबा."

"लोक विंचू चावला तरी नाचतात!"

त्या दिवसापासून अबोला. दोघं एकाच खोलीत, एकाच सतरंजीवर, आणि मामंजी मला म्हणायचे, "मार्थे, तुझ्या नवऱ्याला सांग, तिसऱ्या ओळीत घाई करतो." याकोब म्हणायचे, "मार्था, बाबांना सांग, घाई नाही, मुद्दाम आहे." मी म्हणायची, "मी काय तारघर आहे? हा घ्या तांब्या, हे घ्या कोट, आणि बोला काय ते एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून!" कोण ऐकतंय! सगळ्या बँडच्या कोटांना इस्त्री माझ्याकडे होती. कोळशाची इस्त्री, हातभर जड. वरून हे निरोप. संध्याकाळपर्यंत हात आणि कान दोन्ही बधिर.

एकदा एक बाहेरच्या खोलीत आणि एक परसात, दोघं दोन वेगळी गाणी जोरजोरात वाजवत होते. मधल्या उंबऱ्यावर आत्याबाई बाजरी निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप आपटलं. "दोघं मिळून एकच वाजवा, न्हायतर आज चूल पेटायची न्हाई!"

दोन्हीकडं शांतता. मग दोन्हीकडून एकाच वेळी सुरू झालं. इकडून सरळ, तिकडून घसरत. आत्याबाईंनी बराच वेळ मान वाकडी करून ऐकलं.

"हे एकच हाय?"

"एकच आहे!" दोन्हीकडून उत्तर आलं.

"मग मेल्यांनो, भांडताय कशापायी?"

*

उन्हाळ्यात साहेब लोक थंड हवेला जायचे. क्लबातला नाच बंद व्हायचा. मग आमचा बँड लग्नाला जायचा. एकदा मिरजगावचं बोलावणं आलं, पाटलाच्या घरचं. कोट चुरगळू नयेत म्हणून मीही गाडीत.

वरात निघाली. पाटील फेट्याचा तुरा सावरत मामंजींपाशी आले. "मास्तर, सायबाच्या किलबात वाजवता ना, त्ये वाजवा! गावाला कळू द्या!" मामंजींचा ओठ उन्हानं तडकला होता. त्यांनी हातानंच याकोबना खूण केली, वाजव. अबोला असला तरी खुणा चालू होत्या.

याकोबनी हॅट धरली आणि तबकडीवरचं एक संथ गाणं काढलं. असं काही वाजवलं की हलगीवाल्याचा हात आपोआप थांबला. नवरदेवाची आजी बैलगाडीत बसली होती. तिनं पदर डोळ्याला लावला. "आमचं मालक असते तर आज..." झालं! शेजारची रडली, तिच्या शेजारची रडली. नवरीला काही कळेना, पण सगळ्या रडतायत म्हणून तिनंही सूर लावला. अख्खी वरात रस्त्यात उभी राहून रडायला लागली!

पाटील धावत आले. "अवं मास्तर! वरात हाय ही, मयत न्हाई!"

मामंजींनी तडकलेल्या ओठानं ट्रंपेट उचलला आणि खणखणीत मार्च सुरू केला. वरात चालायला लागली. त्यांनी एकदा वळून लेकाकडं पाहिलं. त्या बघण्यात सगळं होतं.

जेवणं झाल्यावर ती आजी काठी टेकत आमच्या गाडीपाशी आली. याकोबच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "लेकरा, ते मगाचं पुन्यांदा वाजीव. माझं रडायचं ऱ्हाऊन गेलं न्हवं का!"

याकोबनी तिला सगळं वाजवून दाखवलं. मामंजी पाठ करून बैलांना वैरण घालत होते. परतताना वाटेत म्हणाले, "मार्थे, तुझ्या नवऱ्याला सांग, म्हातारीला ऐकू कमी येतं. हॅट नसती धरली तरी चाललं असतं."

याला आमच्या घरात कौतुक म्हणायचे.

*

मग मामंजींचा वरचा पुढचा दात हलायला लागला.

तुम्हाला वाटेल, दात तर दात. तसं नाही. वाद्य ओठावर टेकतं, पण ओठ दातावर टेकतो. पुढचा दात गेला की ट्रंपेटवाल्याच्या घराचं आढं गेलं. सगळ्यात आधी आत्याबाईंना कळलं, कारण मामंजींनी न मागता भाकरी दुधात बुडवून घेतली. दुसऱ्या दिवसापासून दूध जास्त घ्यायला लागल्या. मामंजी उंच सुराला चाचरायला लागले. रुळावर खडा यावा तसा सूर वर जाऊन खरखरायचा.

बाजारात एक जण फडक्यावर दात मांडून बसायचा. मामंजी लपत छपत त्याच्याकडं गेले. मी मीठ आणायला गेले होते, मागं उभी राहून सगळं ऐकलं.

"हलणारा दात घट्ट करता येतो?"

"काढता येतो की!"

"काढायला तू कशाला? पडला तर तो आपणहून निघेल!"

शेवटी बँडातल्या व्हायोलिनवाल्यानं युक्ती काढली. व्हायोलिनची आतड्याची बारीक तार असते, ती त्यानं हलत्या दाताला आणि शेजारच्या घट्ट दाताला गुंडाळून गाठ मारली. दोन शनिवार निभावले. तिसऱ्या शनिवारी ऐन वॉल्ट्झमध्ये गाठ सुटली, तारेचं टोक बाहेर आलं आणि माउथपीसला लागून किणकिणायला लागलं! नाचणाऱ्या मडमा इकडंतिकडं बघायला लागल्या. डिमेलो मास्तर पियानोवरून कुजबुजले, "कोण आगाऊपणा करतंय?"

साऱ्या हिंदुस्थानात तोंडात व्हायोलिन घेऊन ट्रंपेट वाजवणारा माणूस एकच झाला, तो आमच्या घरात!

हसून झालं, मग डिमेलो मास्तर घरी आले. मामंजी चर्चला गेलेले बघून आले. याकोबना म्हणाले, "तू पहिल्या खुर्चीवर बस. लोकांना कळायला लागलंय."

"बाबा उठल्याशिवाय मी बसणार नाही."

"मग त्यांना उठायला सांग."

"ते मी सांगणार नाही."

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. मी कोटावर पाणी शिंपडत होते. म्हटलं, "माझ्याकडं बघू नका, मास्तर. एवढा एक निरोप मी पोचवायची नाही."

*

आणि मग गोरे गेले.

क्लब राहिला, टेबलांवरच्या चादरी त्याच राहिल्या, साहेब बदलले. नवे सेक्रेटरी साहेब आपले, देशी. मिशी कातरलेली, बोलणं मोजकं. त्यांनी डिमेलो मास्तरांना सांगितलं, "एवढा मोठा बँड आता परवडायचा नाही. ट्रंपेट एकच राहील. कोणता, ते मी ऐकून ठरवीन."

जो राहील त्याच्या नावावर दोन खोल्या राहणार होत्या. म्हणजे छप्पर जाणार नव्हतं. जाणार होता माणूस. याकोब मला परसात म्हणाले, "बाबा राहू देत. मी मुंबईला जातो. तिकडं हॉटेलांत बँड आहेत. माझं वय आहे, त्यांचं नाही. या खुर्चीवरून उठवलं तर ते आठ दिवस जगायचे नाहीत. तू बाबांना सांगू नकोस."

मी हो म्हटलं. मला मुंबईला जायचं होतं की नव्हतं, हे कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामंजी विहिरीवर भेटले. घागर माझ्या डोक्यावर देताना म्हणाले, "मार्थे, मुंबईला गेलेला वाजवणारा परत येत नाही. माझ्या बरोबरीचे किती गेले, मी पाहिलंय. पोरगं इथंच राहायला पाहिजे. त्याला सांगू नकोस."

सगळा जन्म माझ्याकडून निरोप पोचवून घेतले. आणि जो पोचवायला हवा होता, तोच दोघांनी नको म्हटला! मी डोक्यावर घागर घेऊन घरी आले. खूप जड होती.

ठरलेल्या दिवशी सकाळीच क्लबच्या हॉलमध्ये परीक्षा झाली. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, एक माणूस फरशी पुसत होता. मी इस्त्रीचे कोट घेऊन व्हरांड्याच्या दारात उभी. सेक्रेटरी साहेबांनी आपली खुर्ची भिंतीकडं तोंड करून ठेवली. "कोण बाप, कोण लेक, मला बघायचं नाही. उद्या कुणी म्हणायला नको, म्हाताऱ्याची दया आली म्हणून. दोघांनी एकच गाणं वाजवा. मी दोघांना पुष्कळ शनिवार ऐकलंय. मला ऐकून कळतं." आणि पाठ फिरवून बसले.

आधी याकोब उठले. त्यांनी हॅट घेतली नाही. छाती काढून, टाचा जुळवून उभे राहिले, असे ते कधी उभे राहत नसत. आणि वाजवायला लागले. सरळ, उंच, स्वच्छ! मामंजी जिथं दम घेतात तिथंच दम घेतला. वरच्या सुरापाशी गेले आणि तिथं थोडं खरखरले. अगदी तेवढंच, जेवढं दात हलल्यापासून मामंजी खरखरायचे. मी डोळे मिटले असते तर शपथेवर सांगितलं असतं, सासरे वाजवतायत. साहेबांनी बापाला ठेवावं म्हणून लेक बाप झाला होता.

मामंजी लेकाकडं बघत राहिले. डिमेलो मास्तरांचे हात पियानोवर तसेच थांबले. भिंतीकडं तोंड केलेली पाठ हलली नाही.

"दुसरा," साहेब म्हणाले.

मामंजी सावकाश उठले. इकडंतिकडं पाहिलं आणि पियानोवर ठेवलेली डिमेलो मास्तरांची हॅट उचलली. ती ट्रंपेटच्या तोंडावर धरली. खांदे सैल सोडले. आणि खालच्या पट्टीतून, मागून घसरत, निम्मं बोलत, निम्मं गिळत सूर आला. हलत्या दाताला तो धक्काही लावत नव्हता. याकोबच्या सगळ्या खोडी त्यात होत्या. तिसऱ्या ओळीतली ती घाईसुद्धा, मुद्दामची! इतकी वर्षं शिव्या घालत होते, आणि एक मुरका म्हणून सोडला नव्हता त्यांनी. फरशी पुसणारा फडकं हातात धरून उभा राहिला. याकोबनी मान खाली घातली.

गाणं संपलं. साहेब भिंतीकडंच बघत म्हणाले, "दुसरा ठेवा, मास्तर. लेक आहे तो, तरुण आहे, पुढं जाईल. पहिला आता थकला, कळतंय. त्याला मानानं घरी पाठवा."

डिमेलो मास्तरांनी तोंड उघडलं. मामंजींनी ओठांवर बोट ठेवलं.

"यस सर," मास्तर म्हणाले.

साहेब दिलेल्या शब्दाला जागले. मागं वळून न पाहता समोरच्या दारानं निघून गेले. याकोब खाली बसून राहिले, ट्रंपेट मांडीवर. मामंजींनी हॅट पियानोवर होती तशी ठेवली आणि व्हरांड्यात माझ्याकडं आले. ओठाला थोडं रक्त आलं होतं, ते त्यांनी रुमालानं टिपलं.

मी म्हटलं, "मामंजी, काय ठरलं?"

"मला काढलं, मार्थे," ते म्हणाले. "आणि ठेवलंही मलाच!"